कामठीत मुख्यालय, पाटीवर गुजरात, मग विदर्भ कुठे?

मौदा तालुक्यातल्या एका शिक्षकांनी आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतला आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. नागपूरजवळच्या कामठीला लष्कराचं एवढं मोठं मुख्यालय आहे, पण त्याचं नाव 'उत्तर महाराष्ट्र आणि गुजरात सब एरिया'. त्यात विदर्भ का नाही, आणि हे मुख्यालय कधीपासूनचं? दुसरं, गावातली म्हातारी माणसं कामठीच्या जुन्या फौजेला 'मद्राशी पलटण' म्हणायची, ती मद्रासहून इथे कशी आली? तिसरं, त्यांच्या शिवारात एका जागेला लोक 'पलटणीचा पडाव' म्हणतात. म्हणजे तिथे छावणी होती का?

मी फौजेत क्लर्क शाखेत होतो. नोकरी सगळी कागदांत गेली आणि निवृत्तीनंतरही आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांचे, वीरपत्नींचे पेन्शनचे कागद लावून देणं सुरूच आहे. त्यामुळे गुरुजी, लढायांच्या वर्णनापेक्षा कोणती पलटण कोणाच्या हुकमाखाली होती आणि तिचा कागद कुठे सापडेल, याच वाटेने मी उत्तर देतो. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला तीच वाट कामाची आहे.

आधी पाटीचं पाहू. पुण्याला दक्षिण कमांड आहे. तिच्याखाली मुंबईला 'महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा एरिया' आणि त्याखाली सब एरिया. पुण्यातला 'दक्षिण महाराष्ट्र आणि गोवा', कामठीतला 'उत्तर महाराष्ट्र आणि गुजरात'. ही दोन नावं शेजारी ठेवली की उलगडा होतो. लष्कराने महाराष्ट्र आडवा कापला आहे. आपण उत्तर महाराष्ट्र म्हटलं की जळगाव, धुळे, नाशिक डोळ्यापुढे येतं. लष्कराच्या नकाशात विदर्भ, खानदेश, मराठवाडा असे प्रांतच नाहीत. वरचा भाग आणि खालचा भाग, एवढंच. वरच्या भागाचं मुख्यालय कामठीत बसलं, म्हणून आपल्या दारात गुजरातची पाटी लागली. यात विदर्भाला डावललं वगैरे काही नाही, उगाच तसं लिहू नका.

सब एरिया म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो, कारण वर्तमानपत्रवालेही यात घोळ घालतात. सब एरियाचा प्रमुख मेजर जनरल असतो, पण तो लढाईवर जाणारी फौज घेऊन बसलेला नसतो. लढणारी रचना वेगळी: कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड. ती आज इथे, उद्या सरहद्दीवर. सब एरिया हलत नाही. जमिनी, इमारती, ठाण्यांची शिस्त आणि बंदोबस्त, माजी सैनिकांची प्रकरणं, पूर आला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी मदत मागितली तर जवळच्या ठाण्यातून माणसं पाठवणं, ही त्याची कामं. पूर्वी याच कामाला 'डिस्ट्रिक्ट' म्हणायचे, म्हणजे लष्करी जिल्हा. आपल्या महसुली जिल्ह्याशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या कागदावर अमुक डिस्ट्रिक्ट दिसलं की लोक कलेक्टर कचेरीत चकरा मारतात, तिथे काय सापडणार?

आता 'कधीपासून'. आजच्या नावाचं मुख्यालय स्वातंत्र्यानंतरच्या व्यवस्थेतलं आहे. पण कामठीला लष्करी अधिकाऱ्याचं ठाणं आहे 1821 पासून, आणि त्याची मुळं आणखी पाच वर्षं मागे जातात.

मे 1816 मध्ये नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. दुसरे रघुजी नुकतेच वारले होते, गादीवरचे परसोजी नावापुरते, आणि अप्पासाहेबांना कारभार आपल्या हाती हवा होता. तहाने ईस्ट इंडिया कंपनीच्या पायदळाच्या सहा पलटणी आणि रिसाल्याची, म्हणजे घोडदळाची, एक रेजिमेंट नागपूर राज्याच्या खर्चाने राज्यात राहायला आली. वर्षाला साडेसात लाख रुपये भोसल्यांनी द्यायचे. ही फौज कुठून आणायची हा प्रश्न कंपनीला नव्हता. निजामाच्या मुलखात मद्रासची फौज आधीपासून होती आणि तिथून नागपूर जवळ. बंगालची फौज नर्मदेच्या पलीकडे, मुंबईची पुण्याकडे. म्हणून मद्रासच्या पलटणी आल्या. गुरुजी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे, पण त्याचे परिणाम पुढे पाऊणशे वर्षं पुरले.

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांची फौज आणि रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्सच्या रक्षणाला असलेली ही फौज यांची गाठ पडली. लढाई आणि तिच्यातला भोसल्यांचा पराभव सगळ्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. टेकडीवर लढलेल्यांत मद्रासची 24 नंबरची पलटण होती. ही मूळची पहिल्या नंबरची. 1806 मध्ये वेल्लोरला शिपायांनी उठाव केला तेव्हा शिक्षा म्हणून तिचा नंबर काढून घेतला होता. सीताबर्डीनंतर त्या शिपायांनी इनाम म्हणून आपला जुना नंबर मागितला आणि तो त्यांना परत मिळाला. वेल्लोरची शिक्षा नागपुरात माफ झाली. अप्पासाहेबांचं राज्य बुडत असताना तमिळ-तेलुगू मुलखातल्या शिपायांची अब्रू परत येत होती. हा प्रसंग मराठी पुस्तकांत क्वचित येतो, कारण तो आपल्या बाजूचाही नाही आणि इंग्रजांच्या बाजूचाही नाही.

16 डिसेंबरला इंग्रज सेनापती डव्हटनच्या फौजेने नागपूरजवळ भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि महिनाअखेरीस शहर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्यानंतर तैनाती फौज शहराजवळ ठेवायची की दूर, याचा विचार झाला आणि 1821 मध्ये कन्हानच्या काठी, नागपूरपासून 15-16 किलोमीटरवर, छावणी वसली. जागा डोकं लावून निवडलेली आहे. बारमाही पाणी, सिवनी-जबलपूरकडे जाणारी वाट हाताशी, भंडारा-रायपूरची वाट जवळ, शहराची रोगराई आणि राजवाड्याचं राजकारण दोन्ही एक मजल लांब, आणि तरी रातोरात पोचता येईल इतकं अंतर. छावणी नदीच्या काठाकाठाने लांबलचक पसरली. आधी फौज आली, मग तिच्यामागे बाजार आला, मग गाव झालं. गोरा बाजार हे नाव अजून आहे, तिथल्या दुकानदाराला विचारा.

या ठाण्याचा प्रमुख नागपूर तैनाती फौजेचा कमांडर. त्याचा वरचा साहेब मद्रासला. बदली, बढती, पेन्शन, कोर्ट मार्शल, सगळं मद्रासहून. मद्रास फौजेत एक रीत होती: शिपायाचं कुटुंब त्याच्याबरोबर छावणीत राहायचं. बंगालच्या फौजेत शिपाई घर गावाकडे ठेवून यायचा. मद्रासचा शिपाई बायको, पोरं, म्हातारी आई, सगळं बिऱ्हाड घेऊन यायचा. पलटण बदलली की काही कुटुंबं जायची, काही इथेच रुजायची. कामठीतली जुनी तेलुगू आणि तमिळ घराणी अशी आलेली आहेत. चर्चसुद्धा त्याच दोरीने बांधलेलं: या भागातलं कॅथलिक मिशन विशाखापट्टणमच्या अखत्यारीत होतं, नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला 1887 मध्ये. म्हणजे देवाची आणि तोफेची, दोन्ही पत्रं पूर्व किनाऱ्याला जात होती. तुमच्या गावातले म्हातारे 'मद्राशी पलटण' म्हणायचे ते अगदी काटेकोर बोलायचे.

वर्धा नदी ओलांडली की गोष्ट बदलते, आणि इथे बरेच लेखक घसरतात. 'विदर्भातली इंग्रज फौज' म्हणून ते कामठी आणि अचलपूर एका दावणीला बांधतात. या दोन फौजा वेगळ्या होत्या. 29 नोव्हेंबर 1803 ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांचा पराभव झाला, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. म्हणून वऱ्हाडात फौज निजामाची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार झालेली हैदराबाद कंटिन्जंट. तिची ठाणी बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, छावणी परतवाड्याला. चिखलदऱ्याची थंड हवा इंग्रजांच्या नजरेत आणली तीही याच फौजेच्या एका कॅप्टनने, 1823 मध्ये. कामठीचा कमांडर परतवाड्याच्या शिपायाला हुकूम देऊ शकत नव्हता. मधे वर्धा नदी होती आणि तिच्या दोन तीरांवर दोन वेगळी सरकारं.

कंटिन्जंटच्या खर्चाचं कर्ज निजामावर चढत गेलं आणि 1853 मध्ये त्या पोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. याचा सरळ अर्थ गुरुजी शाळेत सांगू शकतात: वऱ्हाडातल्या कास्तकाराने भरलेल्या साऱ्यातून हिंगोली-जालन्याच्या पलटणींचा पगार निघत होता. वऱ्हाड गहाण पडलं ते फौजेपायी. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने ते कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि पुढच्याच वर्षी कंटिन्जंट मोडून तिच्या पलटणी भारतीय फौजेत मिसळल्या. परतवाड्याची छावणी त्याआधीच उठली होती.

मिसळताना त्यातल्या एका पलटणीला नाव मिळालं '96 बेरार इन्फंट्री'. 1922 च्या फेररचनेत ती 19 व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि 1945 मध्ये या रेजिमेंटचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. आज कुमाऊंच्या दुसऱ्या पलटणीच्या नावापुढे कंसात 'बेरार' लिहितात. रेजिमेंटचं सेंटर राणीखेतला, जवान पहाडी आणि अहीर, आणि नाव वऱ्हाडाचं! कामठीच्या पाटीवर विदर्भ नाही म्हणून वाईट वाटत असेल तर ही जमेची बाजू धरा.

मद्रास आणि हैदराबादखेरीज हुकमाची तिसरीही एक दोरी होती, थोड्या वर्षांची. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, 1854 मध्ये नागपूर खालसा झालं, आणि भोसल्यांच्या फौजेतली काही माणसं घेऊन इंग्रजांनी 'नागपूर इर्रेग्युलर फोर्स' उभी केली. तिचा रिसाला नागपूरजवळ टाकळीला होता. 13 जून 1857 ला या रिसाल्यातल्या स्वारांनी उठावाची तयारी केली होती. कट फुटला. पायदळ आणि तोफखाना त्यांच्याबरोबर आला नाही, आणि दुसऱ्या रघुजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई भोसल्यांनी आपलं वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकलं. काही जणांना फाशी झाली. पण माझ्या मते टाकळीचा निकाल ठरवला तो कामठीने. एका रात्रीच्या मजलीवर मद्रासची फौज उभी होती आणि ती हलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मद्रासच्या शिपायाचं बिऱ्हाड त्याच्याजवळ होतं, बंगालच्या फौजेतले शिपाई जिथून यायचे त्या अवधच्या गावांशी त्याचं नातं नव्हतं, मेरठ-दिल्लीच्या बातम्या त्याला परमुलखातल्या वाटत होत्या. त्याला नुसतं 'निष्ठावान' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि 'गद्दार' म्हणणं त्याहून सोपं. पुढे 1858 च्या सुरुवातीला जनरल व्हिटलॉकची मद्रासची फौज कामठीहूनच जबलपूरकडे निघाली आणि बुंदेलखंडात बांदा, किरवीपर्यंत गेली. त्या वर्षी कामठी हे नुसतं ठाणं नव्हतं, ती दक्षिणेतून उत्तरेत शिरायची देवडी होती.

त्यानंतर कामठी उतरत गेली. एकदम नाही, हळूहळू. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला आली, 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, व्यापार तिकडे सरकला. मध्य प्रांत शांत झाल्यावर इतकी फौज इथे ठेवण्याचं कारण उरलं नाही. 1881 मध्ये कामठीची वस्ती 51 हजारांच्या घरात होती. 1901 मध्ये ती 39 हजारांच्या आत आली. वीस वर्षांत चौथा हिस्सा माणसं गेली. यात प्लेग-दुष्काळाचाही वाटा असेल, पण छावणीच्या गावाचं पोट फौजेवर असतं आणि पलटण कमी झाली की धोबी, भिस्ती, कसाई, शिंपी सगळे उठतात.

1 एप्रिल 1895 ला बंगाल, मद्रास, मुंबई या तीन वेगळ्या फौजा संपल्या आणि एका फौजेच्या चार कमांड झाल्या: पंजाब, बंगाल, मद्रास, मुंबई. पुण्याची दक्षिण कमांड आपला स्थापना दिवस हाच मानते. मग हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती म्हणून किचनेर आला. त्याला दोन जबाबदाऱ्या एकाच जनरलच्या हातात हव्या होत्या: शांततेत मुलूख सांभाळणारा डिव्हिजनचा प्रमुख, तोच युद्धात डिव्हिजन घेऊन जाणार. नऊ डिव्हिजन ठरल्या, आणि 1907 मध्ये सगळ्या देशाच्या दोन 'आर्मी' झाल्या, उत्तर आणि दक्षिण. कागदावर ही रचना सुरेख होती. 1914 मध्ये युद्ध सुरू झालं, पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली आणि 1916 च्या एप्रिलमध्ये कुटला शरण आली. मागे राहिलेली ठाणी, दवाखाने, डेपो, भरती, हे सगळं कोणी बघायचं? तात्पुरती माणसं नेमून काम रेटलं. तेव्हा कळलं की लढणारा आणि घर राखणारा एकच असून चालत नाही. 1920 नंतर पुन्हा चार कमांड, त्यांच्याखाली डिस्ट्रिक्ट आणि ब्रिगेड एरिया अशी मांडणी आली, आणि दुसऱ्या महायुद्धात फौज अफाट वाढल्यावर एरिया, सब एरिया ही नावं रुळली. आजच्या पाटीचं व्याकरण तिथलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाने आपल्या भागाला दोन गोष्टी दिल्या. एक, वर्धा जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो. देशाच्या मधोमध, सरहद्दींपासून सारखा लांब, रेल्वेच्या मुख्य मार्गावर. जागेचं कारण नकाशा पाहिला की कळतं. 31 मे 2016 च्या आगीने तो देशभर माहीत झाला, त्यात अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं गेली. एक खुलासा इथे हवा: पुलगावच्या डेपोत काय साठवायचं आणि कुठे धाडायचं हे आयुध विभाग ठरवतो, स्थानिक सब एरिया नाही. भंडाऱ्याजवळचा जवाहरनगरचा, भद्रावतीचा आणि नागपूरच्या अंबाझरीचा आयुध कारखाना तर लष्कराच्या कमांडखाली येतच नाही. नागपूरला हवाई दलाची मेंटेनन्स कमांड आहे, तिचाही कामठीशी हुकमाचा संबंध नाही. लोक सगळ्याला मिळून 'मिल्ट्री' म्हणतात, पुस्तकात वेगळं लिहा.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. महार रेजिमेंट. महारांची फौजेतली भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये '111 महार' उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न सोडला नाही. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला पहिली पलटण झाली आणि 1942 मध्ये दुसरी पलटण आपल्या कामठीला. 1946 मध्ये रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली तेव्हा सेंटरही कामठीतच उभं राहिलं. पुढे ते हलत हलत मध्य प्रदेशात सागरला गेलं. नागपूर, भंडारा, चंद्रपूर भागातली शेकडो घरं या भरतीने पहिल्यांदा रोख पगाराला आणि शाळेला लागली. ज्या छावणीत त्यांचे आजे-पणजे गवत कापायला आणि ओझी वाहायला जायचे, त्याच छावणीच्या कवायतीच्या मैदानावर नातू रायफल घेऊन उभे राहिले. गावाचा इतिहास लिहिताय ना? मग कमांडरांची यादी राहू द्या. गावातल्या बौद्ध वस्तीत जा, कोणाच्या घरी 1942 ते 46 च्या काळातलं डिस्चार्ज बुक पेटीत आहे ते बघा. इतिहास तिथे आहे.

स्वातंत्र्यानंतर कामठीला पुन्हा जीव आला. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर इथे आलं. ही 1949 ची रेजिमेंट, जनरल करिअप्पांची कल्पना, एका जातीची किंवा प्रांताची नाही, सगळ्या देशातून भरती. एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमीही इथेच, 1957 पासून. कॉलेजात एनसीसी घेतलेल्या मास्तरांना कामठीचा उन्हाळा चांगलाच आठवतो, कोणालाही विचारा.

आता कागद कुठे शोधायचे. शिपायाचा रेकॉर्ड तो ज्या गावचा त्या जिल्ह्यात नसतो आणि तो जिथे नोकरीला होता त्या ठाण्यातही नसतो. तो रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. महारचा सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचा बेळगावला, ग्रेनेडियर्सचा जबलपूरला, गार्ड्सचा कामठीला. आर्मी नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, एवढं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र जातं. नंबर नसेल तर काम अवघड होतं, म्हणून घरात मेडलं असतील तर त्यांची कड नीट बघा. इंग्रजांच्या काळातल्या बऱ्याच मेडलांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. मोड म्हणून विकू देऊ नका कोणाला.

1895 च्या आधीच्या कामठीसाठी मात्र नागपूर पुरत नाही. नागपूरच्या पुराभिलेखागारात रेसिडेन्सीचे आणि मध्य प्रांताचे कागद आहेत, म्हणजे फौजेला जमीन, रसद, बैल, बाजार कसा दिला याची मुलकी बाजू. लष्करी बाजू चेन्नईच्या अभिलेखागारात आणि लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात. आणि वऱ्हाडातलं गाव असेल तर हैदराबादकडे बघायचं. वर्धा नदीचा नियम इथेही लागू.

राहिला तुमचा पडाव. तिथे छावणी नव्हती, गुरुजी. रेल्वेच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं पलटणी पायी हलायच्या, दिवसाला दहा-बारा मैल. मौदा नागपूर-भंडारा-रायपूरच्या जुन्या मोठ्या रस्त्यावर येतं. या रस्त्यांवर एकेका मजलीच्या अंतरावर मुक्कामाची जागा राखून ठेवलेली असायची: विहीर, आमराई किंवा चिंचेचं बन, तंबूंना पुरेल एवढी सपाट जमीन. पलटण रात्री थांबायची, पहाटे निघायची. मालगुजाराने, म्हणजे सरकारला गावाचा सारा भरणाऱ्या गावमालकाने, लाकूडफाटा, गवत, दूध, गाड्या पुरवायच्या, आणि त्याचे दाम त्याच्यापर्यंत पोचायचे की मधेच कोणाच्या खिशात राहायचे, याची कुरकुर जुन्या कागदांत भरपूर आहे. शिवारात एखादी पायऱ्यांची चांगल्या दगडाची विहीर असेल आणि कोणत्या घराण्याने बांधली हे कोणी सांगत नसेल, तर ती त्या पडावाची असण्याचा संभव धरा.

पुराव्यासाठी 1860 च्या दशकातल्या पहिल्या बंदोबस्ताची, म्हणजे जमीन-साऱ्याच्या आकारणीची, मिसल (दप्तर), गावाचा वाजिब-उल-अर्ज (गावच्या रीतीरिवाजांची नोंद) आणि निस्तार पत्रक (चराई-लाकूडफाट्याच्या सामाईक हक्कांची नोंद), हे तीन कागद तहसील आणि भूमी अभिलेखमधून काढा. त्यात त्या सर्व्हे नंबरापुढे पडाव असं लिहिलेलं असेल तर जमीन कोणाच्या नावे आहे तेही लगेच पाहून घ्या. काही पडाव 1951 ला मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले, काही गावठाणात मिसळले, आणि काही आजही संरक्षण खात्याच्या नावावर आहेत. छावणीबाहेरच्या अशा जमिनी डिफेन्स इस्टेट्सचं खातं सांभाळतं. तुमची ग्रामपंचायत त्या जागेवर सभामंडप बांधायच्या विचारात आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. सातबाऱ्याच्या इतर अधिकाराच्या रकान्यात काय नोंद आहे ती बघितल्याशिवाय सरपंचांना ठराव घेऊ देऊ नका, आणि नोंद संरक्षण खात्याची निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पत्र टाका, कामठीच्या फाटकावर थेट जाऊ नका. तिथला संत्री तुम्हाला चहा पाजेल आणि परत पाठवेल.